रसायनशाळेचें सोंवळें

आमच्या घरीं सोंवळ्याचा अंमल अद्याप आत्याबाईंच्या हातीं आहे. वय ८६, दृष्टि मंदावलेली, गुडघे कुरकुरणारे. तथापि स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशीं कोणाचें पाऊल पडलें हें त्यांना नुसत्या चाहुलीवरून कळतें. अशा या आत्याबाई गेल्या दिवाळींत एके सकाळीं माजघराच्या दारांत उभ्या राहून आमच्या पुतणीकडे बराच वेळ पाहत होत्या. ही पुतणी म्हणजे आमच्या धाकट्या बंधूंची कन्या. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती एका प्रयोगशाळेंत अन्नपाण्यांतील धातूंचें परीक्षण करते. त्या सकाळीं तिनें टेबल पुसून त्यावर स्वच्छ प्लॅस्टिक अंथरलें होतें. हातांतल्या बांगड्या आणि अंगठी उतरविली होती, केंस फडक्यानें बांधले होते, आणि पांढऱ्या प्लॅस्टिकच्या लहान बाटल्या ती एकेक करून पिशव्यांत बंद करीत होती. इतक्यांत आमच्या नातवानें खेळतां खेळतां एका बाटलीचें झांकण काढलें. पुतणी म्हणाली, "झालें! ही बाटली आतां गेली." आत्याबाईंचा चेहरा एकदम उजळला. त्या म्हणाल्या, "अग, हें तर सोंवळेंच कीं!"

घरांतील सगळीं माणसें हंसलीं. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं; कारण त्या बाटल्या आमच्याच एका चुकीचें प्रायश्चित्त म्हणून भरावयाच्या होत्या. ती चूक या महिन्यांत वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे. मुलांच्या चुका चारचौघांत सांगण्यांत आमची हयात गेली; तेव्हां स्वतःची सांगतांना संकोच करणें न्यायाचें होणार नाहीं.

गडचिरोली जिल्ह्यांत जंगलाच्या कडेला आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें गांव आहे. गांव पन्नास-साठ उंबऱ्यांचें, वस्ती बहुतेक गोंडांची, आणि पिण्याच्या पाण्याला भरंवशाचा असा एकच हातपंप. पावसाळा संपतां संपतां आम्ही तेथें दोन दिवस राहावयास गेलों होतों. पंपाचें पाणी काढतांना निवळशंख दिसतें, परंतु घटकाभर ठेविलें कीं त्यावर तांबूस साय धरते, आणि धुतलेल्या कपड्यांवर पिंवळट डाग पडतात, अशी बायकांची तक्रार होती. आम्हीं म्हटलें, "थोडें पाणी द्या, चंद्रपुरास नेऊन तपासून आणतों." ज्यानें चाळीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्या, त्याला पाणी तपासून आणणें तें काय अवघड!

विद्यार्थ्याच्या घरीं औषधाची एक रिकामी बाटली होती. ती आम्हीं चुलीच्या राखेनें घासली, पंपावर विसळली आणि भरून घेतली. परततांना शनिवार होता, म्हणून गांवाबाहेरच्या मारुतीचें दर्शन घेतलें आणि शेंदराचें बोट कपाळाला लावलें. बाटलीचें झांकण किंचित् सैल वाटलें, म्हणून त्याच हातानें तें काढून पुन्हां घट्ट बसविलें. पुढें ती बाटली चार दिवस आमच्या खिडकींत उन्हांत राहिली आणि पांचव्या दिवशीं तपासणीस गेली.

निकालाचा कागद आला. त्यांत शिशाचा आंकडा मर्यादेच्या कित्येक पट होता, आणि ज्या लोहाची तक्रार, तें मात्र जेमतेमच. आम्ही तो कागद घेऊन धांवतच गांवीं गेलों. शिसें म्हणजे विष. तें लहान मुलांच्या मेंदूस अपाय करतें, एवढें आम्हांस ठाऊक होतें. आमच्या सांगण्यावरून गांवकऱ्यांनीं पंपाच्या दांड्याला दोर बांधला आणि बायका पाऊण कोसावरच्या नाल्याचें पाणी आणूं लागल्या. ज्या नाल्यांत गुरें उतरतात, त्याच नाल्याचें पाणी तीन आठवडे गांव प्यालें. तीन मुलांना हगवण लागली. त्यांतील एका मुलीला आरोग्यकेंद्रांत नेऊन चार दिवस सलाईन द्यावी लागली. ईश्वरकृपेनें ती बरी झाली. नाहीं तर हा लेख लिहिण्याचें धैर्य आम्हांस झालें नसतें.

दिवाळीला पुतणी घरीं आली तेव्हां आम्हीं तो कागद मोठ्या अभिमानानें तिच्यापुढें ठेविला. तिनें तो दोनदां वाचला आणि एकेक प्रश्न विचारण्यास प्रारंभ केला. "काका, बाटली कोणती होती? कशानें धुतली? भरल्यावर तींत आम्ल घातलें होतें का? किती दिवसांनीं दिलीत? बाटलीला हात कोणाचा लागला?" आम्हीं सर्व सांगितलें. शेवटीं तिनें विचारलें, "त्या दिवशीं कपाळाला काय होतें?" आम्ही म्हणालों, "शनिवार होता. शेंदूर." ती कांहीं बोलली नाहीं. तें न बोलणें आम्हांस फार लागलें.

संस्कृत वैद्यकग्रंथांत शिशाला नाग म्हणतात हें आम्हीं मुलांना शिकविलें आहे. परंतु मारुतीचा शेंदूर हा पुष्कळदां त्या नागाचेंच भस्म असतो, हें आम्हीं कधीं मनांत आणलें नव्हतें. त्याच्या वजनाचे दहा भाग केले तर त्यांतील नऊ भाग शिसें असतें. आतां पिण्याच्या पाण्यांतील मर्यादा पाहा. २०१२ च्या भारतीय मानकाप्रमाणें एका लिटर पाण्यांत शिसें ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक असूं नये. एक लिटर पाण्याचें वजन दहा लक्ष मिलिग्रॅम. म्हणजे दहा कोटी भाग पाण्यांत शिशाचा एकच भाग चालतो. कॅडमियम या धातूची मर्यादा याहून कमी, लिटरमागें ०.००३ मिलिग्रॅम, आणि पाऱ्याची तर ०.००१, म्हणजे शंभर कोटींत एक भाग. खसखशीच्या एका दाण्याच्या वजनाइतका शेंदूर लिटरभर पाण्यांत पडून विरला, तर तें पाणी कागदावर मर्यादेच्या वीसपट विषारी ठरतें. आमच्या बोटावर त्याहून पुष्कळ अधिक शेंदूर होता.

प्रयोगशाळेंतील यंत्राचा यांत अपराध नव्हता. त्यानें बाटलींत जें होतें तें सांगितलें. बाटलींत गांवचें पाणी आणि आमचा शनिवार असे दोन्ही होते; यंत्राला त्यांचा भेद कसा कळावा? सोनाराचा कांटा कितीही सूक्ष्म असला तरी पारड्याला चिकटलेला मेणाचा गोळा तो सोन्यांतच धरतो.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. लोह कागदावर कमी कां दिसलें? जमिनीच्या पोटांत वारा नाहीं, म्हणून तेथें लोह पाण्यांत विरघळलेलें असतें. पंपांतून बाहेर येऊन हवा लागली कीं तें गंजतें आणि तांबूस गाळ होऊन खालीं बसतें किंवा बाटलीच्या अंगाला चिकटतें. आमच्या बाटलींत चार दिवस हेंच चाललें होतें. वरचें निवळ पाणी तपासलें गेलें आणि लोह तळाशीं राहिलें. याप्रमाणें एकाच बाटलीनें जें नव्हतें तें दाखविलें आणि जें होतें तें लपविलें.

हें लपणें लोहापुरतें असतें तर गोष्ट एवढी मोठी नव्हती. परंतु लोहाचा गाळ बसतांना सोमलाला, म्हणजे ज्यास हल्लीं आर्सेनिक म्हणतात त्यालाही, आपल्याबरोबर खालीं ओढून नेतो. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडांत अंबागड चौकीच्या बाजूस कौडीकसा नांवाचें गांव आहे. तेथील भूजलांत सोमल असून लोकांच्या त्वचेवर त्याचीं लक्षणें उमटलीं आहेत, हें १९९९ सालीं शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें. अशा मुलखांतून कोणी आमच्यासारखी बाटली भरून नेली, ती चार दिवस खिडकींत ठेविली आणि वरचेंच पाणी तपासलें, तर 'पाणी निर्दोष' असा कागद येण्याचा संभव आहे. खोट्या भयानें तीन आठवड्यांची पायपीट झाली. खोट्या अभयानें पिढीच्या पिढी विष पीत राहील. दोहोंत अधिक भयंकर कोणतें, हें वाचकांनींच ठरवावें.

हें टाळण्यास काय करतात, तें आम्हीं दिवाळीनंतर प्रत्यक्ष पाहिलें. पुतणीनें आणलेल्या बाटल्या प्रथम पातळ केलेल्या नायट्रिक आम्लांत, म्हणजे जुन्या लोकांच्या शोऱ्याच्या तेजाबांत, भिजवून ठेविलेल्या होत्या आणि मग धातुरहित केलेल्या पाण्यानें वारंवार धुतलेल्या होत्या. राखेनें घासलेलें भांडें डोळ्यांस लखलखीत दिसतें. परंतु राखेंतच नाना धातु असतात, म्हणून या कामीं राख म्हणजे मळच. गांवीं पोंचल्यावर तिनें दोन माणसें निवडलीं. एकाचें नांव सोंवळा हात, दुसऱ्याचें ओंवळा हात. हीं नांवें आम्हीं दिलेलीं, परंतु रीत सर्व जगांत मान्य असलेली आहे. सोंवळ्या हातानें केवळ बाटलीस स्पर्श करावयाचा. पंप, पिशवी, पेन, वही, यांतील कशालाही तो लावावयाचा नाहीं. बाकीचीं सर्व कामें ओंवळ्या हाताचीं.

आम्ही सहजच पुढें झालों. पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही दांडा हलवा." सोंवळा हात होण्याचा मान तिनें गांवांतल्या दहावी झालेल्या एका गोंड मुलीला दिला. मुलीनें हात धुतले, हातमोजे चढविले आणि सांगितलेला प्रत्येक नियम असा पाळला कीं आत्याबाईंनीं पाठ थोपटली असती. आम्ही, अग्निहोत्र्यांच्या कुळांतले, बाजूला उभे राहून दांडा हलवीत होतों आणि आमचा हात त्या दिवशीं ओंवळा होता. या सोंवळ्याला जात ठाऊक नाहीं. तें फक्त विचारतें, या हातानें शेवटचा स्पर्श कशाला केला? आमच्या घराण्याच्या सोंवळ्यानें हाच प्रश्न माणसाच्या जन्माला न विचारतां त्याच्या हाताला विचारला असता, तर किती अन्याय टळले असते, असा विचार त्या पंपावर आमच्या मनांत आला. तो येथें नमूद करून पुढें जातों.

प्रथम पांच मिनिटें पाणी नुसतें वाहूं दिलें. कारण पंपाच्या नळीला जस्ताचा मुलामा असतो आणि रात्रभर तींत थांबलेलें पाणी भूजलापेक्षां नळीचीच हकीकत अधिक सांगतें. मग बाटली भरली, आणि तेथल्या तेथें तींत शुद्ध नायट्रिक आम्लाचे मोजके थेंब घातले. आम्लामुळें लोह गंजून खालीं बसत नाहीं आणि शिसें बाटलीच्या अंगाला चिकटत नाहीं. असें पाणी पुष्कळ महिने टिकतें. पारा मात्र उडून जाणारा धातु. त्याची बाटली निराळी, जपणूक निराळी आणि तपासणीही लवकर.

यानंतर पुतणीनें जें केलें तें आम्हांस सर्वांत आवडलें. तिनें घरून आणलेलें धातुरहित पाणी पंपाशेजारींच एका रिकाम्या बाटलींत ओतलें, तिलाही तेवढीच हवा लागूं दिली, तेवढेंच आम्ल घातलें आणि तीही बाटली इतरांबरोबर बांधली. आम्हीं विचारलें, "हें कशाला? यांत तर कांहींच नाहीं." ती म्हणाली, "म्हणूनच. हींत कांहीं सांपडलें, तर तें गांवाचें नव्हे, आपलें." परीक्षकानें स्वतःला परीक्षेस बसवावें, ही कल्पना आमच्या शिक्षणखात्यांत असती तर फार बरें झालें असतें.

या बाबतींत एका अमेरिकन शास्त्रज्ञाची कथा सांगण्यासारखी आहे. क्लेअर पॅटरसन यांनीं पृथ्वीचें वय ४५५ कोटी वर्षें असल्याचें १९५६ सालीं सिद्ध केलें. तें काम दगडांतील शिशावरून करावयाचें होतें. परंतु प्रत्येक वेळीं शिसें हवें त्याहून जास्तच भरे. धूळ, केंस, कपडे, भांडीं, आम्लें, सर्वत्र तें होतें. कंटाळून सोडून न देतां त्यांनीं शिशास मज्जाव असलेली प्रयोगशाळा उभारली. पुढें १९८० सालीं डोरोथी सेटल या सहकारिणीबरोबर त्यांनीं समुद्रांतल्या ट्यूना माशाचें शिसें मोजलें, तेव्हां मान्यवर प्रयोगशाळांनीं ताज्या माशांत सांगितलेलें शिसें खऱ्याच्या सुमारें हजारपट होतें असें दिसून आलें. लबाडी कोणीच केली नव्हती. फक्त आपल्याच हातचें शिसें सगळे माशाच्या नांवावर लिहीत होते. त्यामुळें डबाबंद माशांत डाग देण्याच्या शिशामुळें केवढी भर पडते हेंही कोणाच्या लक्षांत आलें नव्हतें. ज्यानें आपल्या घरचें शिसें आधीं पुसलें, त्यालाच जगाचें शिसें दिसलें. पेट्रोलमध्यें शिसें घालूं नये म्हणून जो लढा झाला, त्यांत पॅटरसन यांचें काम मोठें आहे. आपल्या देशांत तें २००० सालीं बंद झालें.

पाण्याची ही कथा. अन्नाची याहून बिकट. आमच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेस, नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या बाजूस, आणि पलीकडे गडचिरोलींत मुख्य पीक धानाचें. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवच्या दादाजी खोब्रागडे यांनीं १९८३ सालीं आपल्या धानांत निराळ्या रंगाच्या तीन लोंब्या पाहिल्या, त्या इतरांत मिसळूं दिल्या नाहींत, आणि त्यांतून पुढें एच.एम.टी. हा प्रसिद्ध तांदूळ झाला. थोडकें बीं निर्मळपणें वेगळें राखणें, ही विद्या आमच्या मातीस परकी नाहीं.

तांदळाचा नमुना घेतांना एका पोत्यांतली मूठ उचलून चालत नाहीं. शेताच्या नाना भागांतून धान घेऊन त्याचा ढीग करतात, ढिगाचे चार वाटे करतात, समोरासमोरचे दोन ठेवून दोन काढून टाकतात, आणि पुन्हां ढीग, पुन्हां वाटे, असें करीत शेवटीं जी ओंजळ उरते ती साऱ्या शेताची प्रतिनिधि समजावयाची. कारण बांधाजवळचा दाणा आणि पाणी सांचणारा दाणा सारखे नसतात. बांधींत पाणी सतत तुंबलेलें असलें तर सोमल मातींतून सुटून भातांत अधिक चढतो. तीच बांधी वरचेवर कोरडी पडली तर कॅडमियम अधिक चढतें.

यापुढचा प्रश्न : तांदूळ धुवावा कीं न धुवावा? पुतणी म्हणाली, "तुम्हांला काय विचारायचें आहे, त्यावर तें आहे." रोपानें मातींतून काय घेतलें हें जाणावयाचें असेल तर वरची धूळ काढावीच लागेल. माणसाच्या पोटांत काय जातें हें जाणावयाचें असेल तर त्या घरची बाई जसा धुते तसा धुवावा, तिच्याच पाण्यांत, आणि तिच्याच भांड्यांत शिजवून घ्यावा. कल्हईच्या कथलांत शिशाची भेसळ असेल तर तीही मग पानांत उतरते. पंपाचेंही असेंच. पहाटेचा पहिला हंडा कोणी पीत असेल, तर त्या पहिल्या पाण्याचाही नमुना निराळा घ्यावा. प्रश्न नेमका नसेल तर स्वच्छ बाटलीही खोटें उत्तर देते.

पुढें तो तांदूळ वाळवून दळावयाचा. परंतु घरच्या मिक्सरांत नव्हे, कारण पोलादी पात्यांतून क्रोमियम आणि निकेल झिजून पिठांत येतात. त्यासाठीं अकीक दगडाचा खल असतो. मग सुमारें अर्धा ग्रॅम पीठ घट्ट झांकणाच्या भांड्यांत नायट्रिक आम्लाबरोबर तापवितात. भात, त्याचें पिष्ट, त्याचीं प्रथिनें, सर्व विरून जातें आणि धातु तेवढे निवळ द्रवांत उरतात. पूर्वीं उघड्या भट्टींत जाळून राख करीत. ती रीत कांहीं धातूंना चालते. परंतु पारा आणि सोमल धुराबरोबर निघून जातात, आणि जें उडून गेलें त्याची नोंद 'आढळलें नाहीं' अशी होते. म्हणून प्रत्येक खेपेस एक परीक्षा ठेवितात. ज्यांतील धातूंचें प्रमाण आधींच निश्चित केलेलें आहे असें तांदळाचें पीठ अमेरिकेच्या मानक संस्थेकडून मिळतें. तेंही आपल्या तांदळाबरोबर त्याच वाटेनें नेतात. ज्याचें उत्तर पुस्तकाच्या मागें छापलेलें आहे तें गणित चुकलें, तर न छापलेल्या गणिताचें उत्तर कोण मानील?

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? त्याला २०१५ सालच्या मॅगी शेवयांची आठवण द्यावी. या शेवयांच्या एका नमुन्यांत दहा लक्ष भागांत १७.२ भाग शिसें असल्याचा निकाल आला, मर्यादा २.५ ची. जून महिन्यांत देशभर विक्री बंद झाली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयांत गेलें. कंपनीचें म्हणणें नीट ऐकून घेतलें गेलें नाहीं, आणि ज्या प्रयोगशाळांच्या निकालांवर बंदी उभी होती त्यांना या परीक्षणाची रीतसर मान्यता नव्हती, या कारणांनीं न्यायालयानें १३ ऑगस्ट रोजीं बंदी रद्द केली आणि मोहाली, हैदराबाद व जयपूर येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणीचा हुकूम दिला. तींत शिसें मर्यादेच्या आंत निघालें. कंपनीची वकिली करणें आमचें काम नाहीं. परंतु ज्या कागदाच्या मागें रीतीचें बळ नाहीं, तो न्यायासनापुढें टिकत नाहीं, एवढें या खटल्यावरून सर्वांनीं शिकावें.

आणि हें आमच्या जिल्ह्यानें सर्वांच्या आधीं शिकावें. चंद्रपुराच्या भोंवतीं कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने, २९२० मेगावॅटचें औष्णिक वीजकेंद्र. आपल्याकडील कोळसा शंभर मण जाळला तर तीस-चाळीस मण राख उरते, आणि कोळशांतले धातु त्या राखेंत गोळा होतात. २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील औद्योगिक ठिकाणांचें मूल्यमापन केलें, तेव्हां चंद्रपूर ८३.८८ गुणांनीं चौथें आलें. तेव्हां येथल्या पाण्याविषयीं, भाजीविषयीं, माशांविषयीं प्रश्न विचारणें हा लोकांचा हक्क आहे. परंतु आमच्यासारखा एखादा उत्साही मनुष्य औषधाच्या बाटलींत पाणी भरून नेईल, मोठा आंकडा आणील, समोरचा पक्ष ती बाटली कशी भरली एवढेंच विचारील, आणि त्या एका प्रश्नांत गांवाची खरी तक्रारही वाहून जाईल. बलवंताला एखादा ढिसाळ नमुना परवडतो, दुर्बळाला नाहीं. त्याच्या हातीं तीच एक साक्ष असते.

म्हणून गृहस्थांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. पाणी वा धान्य तपासावयाचें असेल तर बाटली प्रयोगशाळेचीच मागून घ्यावी आणि ती घरीं पुन्हां धुऊं नये. ती भरण्यापूर्वीं कुंकू, शेंदूर, रंग, तंबाखू, नाणीं यांना लागलेला हात स्वच्छ करावा. तांब्या-पितळेच्या भांड्यांतून पाणी ओतूं नये. झांकण जमिनीवर ठेवूं नये. आम्ल घातलें कीं नाहीं हें विचारावें. कोणत्या दिवशीं, कोणत्या वेळीं, कितवें पाणी, हें तेथेंच लिहावें. कोऱ्या बाटलीचा निकाल मागावा. आणि भीतिदायक आंकडा आला तर तो झांकूं नये, पण त्याच दिवशीं दुसरा नमुना रीतीनें पाठवावा. तोंवर पर्यायी पाणी वापरावयाचें तर तें पाणी उकळून घ्यावें. हें शेवटचें वाक्य आम्हीं त्या गांवीं उच्चारलें असतें तर तीन मुलें आजारी पडलीं नसतीं.

गांवचा दुसरा निकाल आला. कोऱ्या बाटलींत कांहीं नाहीं. पंपाच्या पाण्यांत शिसें मर्यादेच्या आंत, सोमल आढळला नाहीं, आणि लोह भरपूर. बायकांनीं डोळ्यांनीं पाहून जें सांगितलें होतें, तेंच शेवटीं खरें ठरलें. आतां तें पाणी उंचावरून ओतून, रात्रभर निववून, वाळूच्या घड्यांतून गाळून पितात. तांबूसपणा राहत नाहीं.

निकाल सांगावयास आम्ही स्वतः गेलों. चूक आमची होती, हें चावडीवर सर्वांदेखत सांगितलें. जिची नात चार दिवस सलाईनवर होती, ती म्हातारी पुढें बसली होती. सर्व ऐकून घेऊन ती म्हणाली, "मास्तर, पानी चांगलं होतं, त आमाले इतके दिस नाल्यावर काहून धाडलं?"

आवाजांत राग नव्हता. तिला फक्त कारण हवें होतें. आम्हीं आमचें बोट तिच्यापुढें धरलें आणि शेंदराची गोष्ट सांगितली. तिनें तें बोट क्षणभर न्याहाळलें आणि म्हणाली, "मंग आता धुवून येत जा."

तेव्हांपासून आम्ही धुऊन जात असतों.